लेकीच्या जिभेवर घातलेला आळ

माझ्या मुलीच्या दातांवर आज ज्या तारा आहेत, त्या माझ्यामुळे आहेत. चिक्की मी दिली, उशीर मी केला, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर नाव मात्र तिचं सांगितलं, तेही तिच्याच देखत. पहिल्या दोन गोष्टींना मूर्खपणा म्हणून भागेल. तिसरीसाठी मी बरीच वर्षं जरा बरा शब्द शोधत होतो. सापडला नाही. मी खोटं बोललो.

ती सात वर्षांची असताना तिची खालची डावी दुधाची दाढ इतकी किडली, की काढावीच लागली. आमच्या दातांच्या डॉक्टर नारायण पेठेतल्या. आम्ही वारज्याला राहायला गेलो, पण दात पेठेतच राहिले. दाढ निघाल्यावर मी जाणत्या माणसाच्या आवाजात म्हणालो, "दुधाचीच होती. कधी ना कधी पडणारच होती."

"अकराव्या वर्षी," डॉक्टर म्हणाल्या. "मधल्या चार वर्षांत त्या जागेचं काय करणार आहात आपण?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. खालून कायमची दाढ यायला वेळ असतो. तोवर मागची मोठी दाढ हळूहळू पुढे सरकते आणि मोकळी जागा खाऊन टाकते. म्हणून मागच्या दाढेवर धातूचं एक कडं बसवायचं आणि त्याची तार पुढच्या दाताला टेकवायची, की मधली जागा राखली जाते. स्पेस मेंटेनर म्हणतात त्याला. "चिकट काही द्यायचं नाही. कडं सैल झालं तर लगेच यायचं. घरी दुरुस्ती करायची नाही." शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मला ते लागलं होतं.

घरात कामांची वाटणी आहे. अभ्यास बायकोकडे, दात माझ्याकडे. शिवाय मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. लिफ्टमधल्या सूचना मी लिहितो. लोक त्यांचे फोटो काढून एकमेकांना पाठवतात, आणि ते कौतुकाने पाठवतात असा माझा बरीच वर्षं समज होता. त्याच हाताने मी फ्रिजवर कागद लावला: "या घरात चिक्की, टॉफी, च्युइंगम खाल्लं जाणार नाही. अपवाद नाही. कारण विचारू नये."

मुलीने तो मोठ्याने वाचला. "कारण मला माहितीये, बाबा," म्हणाली, आणि नियम पाळला. वर्गात वाढदिवसाला वाटलेल्या टॉफ्या ती जशाच्या तशा घरी आणायची.

अपवाद मी केला. एका रविवारी आम्ही दोघं खडकवासल्याच्या धरणावर गेलो होतो. ऑफिसातल्या कुणीतरी लोणावळ्याहून आणलेली चिक्की माझ्या खिशात होती. मी एकटाच खात होतो आणि ती पाण्याकडे बघत उभी होती, मुद्दाम पाण्याकडेच. मला वाईट वाटलं. मी तुकडा पुढे केला.

"मला नाही चालत, बाबा."

"उजवीकडून खा. कडं डावीकडे आहे."

हा मुद्दा मला तेव्हा बिनतोड वाटला होता. परतताना ती म्हणाली, "बाबा, हलतंय काहीतरी." मी गाडी कडेला घेतली, अंगठ्याने कडं दाबलं, आणि ते बसलं. स्वतःवर मी इतका खूश झालो की विचारू नका. "आईला सांगायला नको," मी तिला म्हणालो, "शनिवारी जाऊ डॉक्टरांकडे."

शनिवारी सोसायटीची मीटिंग निघाली, पार्किंगच्या पट्ट्यांवरून. पुढच्या शनिवारी त्याच मीटिंगमधलं उरलेलं भांडण. तिसऱ्या आठवड्यात पोळीच्या घासाबरोबर कडं बाहेर आलं. मी ते धुतलं, छोट्या डबीत घातलं आणि डबी ड्रॉवरमध्ये टाकली. चार महिने ती तिथेच राहिली. त्या चार महिन्यांत कुणाची गाडी शेजाऱ्याच्या जागेत वीतभर सरकली, तर मी टेप घेऊन खाली धावत होतो.

शेवटी बायकोने एकदा मुलीचं तोंड उघडून बघितलं आणि आम्हा दोघांनाही नारायण पेठेत नेलं. डॉक्टरांनी डबीतलं कडं पुन्हा बसवून पाहिलं. तार आता त्या जागेत मावत नव्हती.

"कधी निघालं हे?"

"झाले थोडे दिवस," मी म्हणालो. "ही सारखी जीभ लावत बसते हो त्याला. किती सांगितलं!"

"कितीदा सांगायचं गं तुला?" बायको मुलीवर कडाडली. खुर्चीत तोंड वासून पडलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. मुलीने फक्त माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं, दात कसे घासावेत याचं चित्र अभ्यासू लागलो.

त्यानंतर ते वाक्य घरात रुळलं. आजीसमोर, पाहुण्यांसमोर, कुणीही म्हणायचं: हिला जिभेची सवय ना. मीही म्हणायचो. पुढे कायमची दाढ आली ती जागा न मिळाल्यामुळे आत, जिभेच्या बाजूला. मग तारा बसल्या. मुलगी हसताना तोंडावर हात धरायला लागली. मी म्हणायचो, वयच तसं असतं.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं तारा आवळून घ्यायला गेलो होतो. बाहेरच्या बाकावर एक छोटी मुलगी बसली होती, तिच्या दाढेवर नवं कोरं कडं. माझी मुलगी तिच्याशेजारी जाऊन बसली आणि मोठ्या ताईच्या आवाजात म्हणाली, "त्याला जीभ लावायची नाही हं. मी लावायचे, म्हणून माझं निघालं. माझीच चूक होती."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मी सुटलो असतो. चिक्की ती विसरली होती, आणि माझं वाक्य तिला खरं वाटू लागलं होतं.

"इकडे ये जरा," मी म्हणालो. "तुझी चूक नव्हती ती."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. धरण, चिक्की, अंगठा, डबी.

"अहो, चार महिने?" बायको म्हणाली. "आणि मी हिला बोलत राहिले?"

मुलगी बाकावरून उठून माझ्यासमोर आली. मग म्हणाली, "पण मग तू माझं नाव का सांगितलंस?"

"घाबरलो."

"कोणाला?"

"डॉक्टरांना. आईला."

"मी पण घाबरले होते, बाबा. मी सातच वर्षांची होते."

ती छोटी मुलगी, तिची आई, माझी बायको, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आतून आमचं नाव पुकारलं गेलं, पण कुणी उठलं नाही.

"तुझ्या जिभेने काही केलं नव्हतं," मी म्हणालो. "मी खोटं बोललो, आणि इतकी वर्षं तुला ते खरं वाटू दिलं. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."