फ्रान्सच्या राजाची क्रिया

आधुनिक युरोपचा पेपर मी बावीस वर्षं शिकवते आहे, आणि त्यातली निदान वीस वर्षं मी तो वाईट शिकवला. आता हे बेधडक सांगता येतं, कारण जिंकलेल्या माणसाला कबुली द्यायला काही जात नाही. पिवळ्या पडलेल्या नोट्स, राज्यक्रांतीची कारणं, राज्यक्रांतीचे परिणाम, पुढचा धडा. मी सांगायची, मुलं लिहून घ्यायची. पालथ्या घड्यावर पाणी म्हणून मी मुलांना नावं ठेवायची, पण घडा पालथा घातला होता मीच.

दोन वर्षांपूर्वी विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं, की हा ऐच्छिक पेपर बंद करायचं घाटतंय. विद्यार्थी उरले होते सात. शिवाय, काशीत बसून आपण युरोपबद्दल नवीन काय सांगणार, असंही ते म्हणाले. सत्राच्या शेवटी अभ्यासमंडळाची बैठक होती, बाहेरचे तज्ज्ञ येणार होते, तिथं निकाल लागणार होता. मंगला गौरीच्या गल्लीतून घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात प्रमुखांना शंभर उत्तरं दिली.

त्याच आठवड्यात फ्रान्सच्या राजाचं डोकं उडवायचा तास आला. उडवलं, खडू ठेवला, तर तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. मणिकर्णिकेच्या वाटेवर तिच्या वडिलांचं कफनाचं दुकान आहे.

"मैडम, फिर उनका क्रिया-कर्म किसने किया?"

वर्ग हसला. मी आधीच तापलेली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "यह परीक्षा में नहीं आएगा. बैठो."

ती बसली.

जेवताना मी हा किस्सा घरी गंमत म्हणून सांगितला. माझे सासरे जन्मभर घाटावर लोकांचे अंत्यविधी चालवत आले. ते हसले नाहीत. त्यांनी ताटावरून मान वर केली.

"मग? कोणी केली क्रिया?"

"मामंजी, ते ख्रिस्ती. पुरतात."

"अगं, पुरायला तरी कोणी लागतंच ना? मुलगा होता की नाही?"

मला सांगता येईना. वीस वर्षं मी त्या राजाला मारत आले होते आणि त्याच्या देहाचं पुढं काय झालं हे मला ठाऊक नव्हतं. नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवसापासून मी ग्रंथालयात ठाण मांडलं. कित्येक वर्षांनी मी नोट्स सोडून पुस्तकं वाचत होते, आणि खरं सांगते, मला भारी मजा येत होती.

राजाचा देह चुन्यासकट खड्ड्यात टाकला होता. मुलगा कैदेत मेला. वीसेक वर्षांनी परदेशी फौजांच्या जोरावर राजाचा धाकटा भाऊ गादीवर आला, आणि त्यानं ती जागा खणायला लावली. जी हाडं मिळाली ती थाटामाटानं राजघराण्याच्या दफनभूमीत नेली. ती राजाचीच होती का, याबद्दल शंका घेणारे पुष्कळ आहेत.

हे सगळं मी वर्गात सांगितलं. मामंजींचं मतही सांगितलं, की देह मिळाला नाही तर पालाशविधी करावा, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, त्यात एवढं काय! एरवी घड्याळाकडे बघणारी सातही पोरं भांडायला उठली. हाड चुन्यात किती टिकतं, ओळख कशी पटवायची, साक्षीदार कोण, तो खोटं का बोलेल. पुराव्याची छाननी म्हणून मी जे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, ते माझ्यासमोर चाललं होतं. मग ती मुलगी म्हणाली, "मैडम, हड्डी किसी की भी हो. हमारे यहाँ जो आग देता है, वही वारिस माना जाता है. गद्दी तो उनको फ़ौज ने दिला दी थी. वारिस ख़ुद बनना था."

मी खाली बसले. माझ्या एकाही नोटमध्ये हे नव्हतं.

बैठकीत मी तेवढंच मांडलं. उपऱ्या फौजांनी दिलेली गादी आपली करायला त्या भावानं अंत्यविधीचा आधार कसा घेतला, ते. बाहेरचे तज्ज्ञ चष्मा काढून ऐकत होते. हे कुठं छापलंय, असं त्यांनी विचारलं.

"कुठंच नाही," मी म्हणाले. "गेल्या महिन्यात माझ्या वर्गात झालं. तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं सांगितलं."

प्रमुखांनी खाकरून चहा मागवला. तज्ज्ञ म्हणाले, हा पेपर बंद करणं म्हणजे वेडेपणा होईल, आणि तुम्ही दोघी मिळून हे लिहा. एकदाचं गंगेत घोडं न्हालं! मी जिन्यावरून अक्षरशः पळत वर्गात गेले. पेपर राहिला म्हणताच मुलांनी बाकं बडवली, शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन डोळे वटारून गेले. मी त्यांच्याकडे बघून हसले.

गलका ओसरल्यावर मी त्या मुलीला उभं केलं आणि सगळ्यांसमोर हिंदीत सांगितलं, की त्या दिवशी मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी तुझ्यावर ओरडले.

"हमको पता था, मैडम," ती म्हणाली. "तभी तो अगले दिन भी आए. सोचे, नहीं मालूम है तो अब खोजिएगा ज़रूर."