क्रोएट नेमके कुठले?

"हे पॅनल भिंतीवर लागलं, तर आजोबांचं फावडं मी घरी घेऊन जाईन," मिर्को म्हणाले.

"जा घेऊन," त्यांचे चुलतभाऊ आन्ते म्हणाले.

मी तेव्हा ऑकलंडमध्ये एक्झिबिशन डिझायनर होते. प्रदर्शनात वस्तूशेजारी माहितीचा बोर्ड असतो, तो पॅनल. वेस्ट ऑकलंडमधल्या एका क्रोएशियन क्लबच्या हॉलमध्ये आमचं काम चाललं होतं. या लोकांचे आजोबा इथे येऊन कौरी झाडांचा जमिनीत गाडला गेलेला डिंक खणायचे. मिर्कोंचं फावडं त्या काळातलं. ते गेलं असतं तर मधली काचपेटी रिकामी.

भांडण पहिल्याच पॅनलवरून होतं. क्रोएट मुळात कुठले? आन्ते म्हणत, आपण स्लाव्ह, कार्पेथियन डोंगरांपलीकडून आलो. मिर्को म्हणत, आपलं 'ह्रवात' हे नावच इराणी आहे. डॉन नदीच्या मुखाशी सापडलेल्या जुन्या ग्रीक शिलालेखात तसं नाव आहे, म्हणजे आपण तिकडचे.

माझी बॉस हेलन हिचा फोन आला. "शीतल, काहीतरी एक ठरव. प्रिंटर थांबलाय."

मी युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "भाषा स्लाव्ह, हे नक्की. नाव कदाचित इराणी, पण सिद्ध झालेलं नाही. नाव एकीकडून आणि माणसं दुसरीकडून, असंही होतं."

मी तसंच लिहिलं. शेवटी 'निश्चित माहीत नाही.'

आता दोघेही माझ्यावर उखडले.

"एवढा हॉल बांधला तो 'माहीत नाही' लिहायला?" आन्ते म्हणाले.

"तुझ्या लोकांना तरी माहीत आहे का?" मिर्कोंनी विचारलं.

मला पुण्यातलं आमचं जेवणाचं टेबल आठवलं. बाबा म्हणायचे, महाराष्ट्र म्हणजे मोठं राष्ट्र. काका म्हणायचे, छे, रट्ट नावाच्या लोकांवरून आलंय ते. आमटी गार व्हायची. आई भात वाढून निघून जायची. आता त्यांच्यापैकी कोणीच नाही. तो वाद ऐकायला मी आजही ताट घेऊन बसेन. हे सगळं मी त्यांना सांगितलं.

मिर्को थोडे निवळले. "इथे आमच्या आजोबांना ऑस्ट्रियन म्हणायचे. आमचा किनारा तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात, पासपोर्ट तसा होता ना. पहिल्या महायुद्धात त्यापायी शत्रू ठरले. मग डाल्मेशियाचे, म्हणजे त्या किनाऱ्याचे, म्हणून डॅली."

"माओरी शेजारी तारारा म्हणायचे," आन्ते म्हणाले. "भरभर बोलतात म्हणून."

"आणि ते स्वतःला काय म्हणायचे?" मी विचारलं.

दोघे एकदमच म्हणाले, "गावाचं नाव सांगायचे. बस."

मग पॅनलवर सगळ्यात वर ते गाव आलं. खाली भाऊ-भाऊ शेजारीशेजारी, आपापल्या मतांसकट. 'निश्चित माहीत नाही' तसंच राहिलं. फावडंही राहिलं.

गेल्या हिवाळ्यात मिर्को गेले. आन्ते आता पाहुण्यांना दोन्ही बाजू वाचून दाखवतात. मिर्कोंची आधी.

नव्या डिझायनर्सना मी एवढंच सांगते: 'माहीत नाही' लिहायचं असेल, तर त्या पॅनलसमोर एक बाक ठेवा. लोक तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबतात.