नमस्कार न घेणारा कंडक्टर

नंदुरबार–धडगाव एस्टीच्या त्या कंडक्टरने चार वर्षांत माझा एकही नमस्कार घेतला नाही. कुणाला डुलकी लागली की त्याच्या कानाशी तिकिटाचं मशीन दांडीवर खणकन आपटायचा. म्हाताऱ्यांवरही खेकसायचा. मी शहाद्याच्या कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकासाचे तास घेतो. माणसाने कसं नसावं हे सांगताना मुलांना त्याचीच नक्कल करून दाखवायचो. मुलं खूप हसायची.

एका सकाळी माझ्या शेजारी पहाडातली एक बाई बसली होती. मांडीवर शालीत गुंडाळलेलं लेकरू, हातात दवाखान्याचे कागद. मी हसून विचारलं, "किती महिन्यांचं बाळ?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. गाडी खड्ड्यात आदळली, शाल सरकली आणि एक निळसर, ताठ पाय बाहेर आला. तिने तो घाईने झाकला.

मी उठलो. कंडक्टरला गाठून हळू, गोड आवाजात म्हणालो, "गाडीतून प्रेत नेता येत नाही ना? बाकीच्यांना त्रास नको."

चार वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "सर, पोरगं झोपेल शे, त्याले उठाडू नका. तुम्ही पुढे जाईसन बठा."

मग तो माझ्या जागेवर जाऊन बसला. शहाद्यापर्यंत मशीन एकदाही वाजलं नाही.

उतरताना मी सवयीने हसून नमस्कार केला. तासाला मुलं म्हणाली, "सर, तो कंडक्टर करून दाखवा ना."

मी करून दाखवला.