चौरागडच्या धारेवर

डोंगर चढणं हे माझं काम नव्हे. माझी हयात नागपुरात मागावर लुगडी विणण्यात गेली. पायांना सवय ती फक्त पावड्या दाबायची. तरी सत्तरच्या दशकातल्या एका शिवरात्रीच्या यात्रेसाठी मी खांद्यावर लोखंडी त्रिशूळ घेऊन चौरागडला निघालो, कारण पोरीचा ताप उतरत नव्हता. पाच वर्षांची पोर महिनाभर अंथरुणावर होती. डॉक्टरनं हात वर केले, तेव्हा मी चौरागडच्या महादेवाला त्रिशूळ वाहायचा नवस बोललो.

आमच्या घरची रीत कडक. त्रिशूळ एकदा उचलला की थेट देवापुढे. मधे जमिनीला टेकवायचा नाही, थकलात तर सोबत्याच्या खांद्यावर द्यायचा. आणि नवस बोललेला माणूस परत येईपर्यंत घरात कोणाच्याच केसाला फणी लावायची नाही. निघताना बायको म्हणाली, "अजी, त्रिशूळ सांभाळजा. घरचं मी पाहून घेतो."

जुन्नारदेवपासून जथ्याबरोबर पायी निघालो. शिवरात्रीच्या दिवशी चौरागडच्या पायऱ्यांवर गर्दी तुंबलेली, म्हणून आमच्या म्होरक्यानं जुनी वाट धरली. वाट कसली डोंबलाची! डोंगराची नुसती धार होती, खाटेएवढी रुंद. दोन्हीकडे दरी, पायाखाली सुटे दगड. एका ठिकाणी ती बैलाच्या वशिंडासारखी वर उचललेली, तिथं माणसं रांगत जात होती. माझा सोबती पलीकडे पोचला होता. मी एका हातानं दगड धरला, दुसऱ्या हातात त्रिशूळ. दगड निसटला. खाली दरी दिसली. त्रिशूळ काठीसारखा खाली रोवला, त्याच्यावर भार टाकला, आणि वाचलो.

कोणी पाहिलं नाही. पलीकडून सोबती ओरडला, "थांबून काहून राहिला गा?" मी त्रिशुळाची माती धोतराला पुसली आणि तसाच देवापुढे वाहून आलो. भित्रा लेकाचा! पोरीसाठी निघालो होतो आणि जीव वाचवला तो स्वतःचा.

घरी आलो तर दारात बायका बसलेल्या. ज्या दिवशी मी धारेवर होतो, त्याच दिवशी संध्याकाळी पोर गेली होती. बायको उठून समोर आली. डोळे कोरडे.

"अजी, त्रिशूळ टेकला तं नाही ना कुठं?"

"नाही," मी म्हणालो.

ती मटकन खाली बसली. "मंग माह्यामुळंच गेली ती. वेणी घाल, वेणी घाल म्हणून रडून राहिली होती. मले राहवलं नाही. मी फणी लावली तिच्या केसाले."

अरे, तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. तेरवी झाली की सांगू म्हटलं, मग वर्षश्राद्ध झालं की सांगू म्हटलं. अशी वर्षं गेली. नंतर दुसरी मुलगी झाली. तिच्या केसाला आईनं कधी हात लावला नाही. वेणीसाठी तिला रोज शेजारणीकडे पाठवायची.

एका सकाळी शाळेची घाई होती आणि शेजारीण घरी नव्हती. पोर फणी घेऊन आईपुढे बसली. बायको अशी किंचाळली की पोरीच्या हातून फणी पडली. ती विस्कटल्या केसांनीच शाळेत गेली. मला ते पाहवेना.

बायको चरख्यावर सुताच्या कांड्या भरायला बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं: धार, दगड, रोवलेला त्रिशूळ, पुसलेली माती. सांगताना ढसाढसा रडलो.

तिनं चरखा थांबवला नाही. "अजी, माह्यं मन राखाले देवाच्या नावानं खोटं नका बोलू," ती म्हणाली. "तुमच्या हातून असं होणार नाही. मले माहीत आहे."

मी तिच्या गळ्याची शपथ घ्यायला हात पुढे केला. तिनं तो हळूच बाजूला केला आणि दुसरी कांडी लावली.