कळवाल्यानं केलेला मी

२०२२ साली, मी एकाहत्तर वर्षांचा असताना, कळवाल्यानं मला शिवणीच्या लाकडात कोरलं आणि माझ्या मानेत कळ बसवली. त्याला कुठलीही वस्तू गप्प बसलेली बघवत नसे. माणूस लाकडाचा असला म्हणून काय झालं, त्यानं काहीतरी काम केलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर होतं. आमच्या मढ गावात पोस्टमनसुद्धा त्याला कळवालाच म्हणायचा.

बापजाद्यांपासून त्यांची सुतारकी. ट्रॅक्टर आले तसे नांगर आणि जू करून घ्यायला कोणी येईना. दुसरा असता तर ट्रॅक्टरला शिव्या देत पारावर बसला असता. यानं गोठा रिकामा केला, भिंतीला फळ्या ठोकल्या आणि गावात बंद पडलेली कामं लाकडात चालू केली. दांडा फिरवला की वीतभर बाई उखळात भात कांडायची, मोटेचे बैल मागंपुढं व्हायचे, आम्हा धनगरांतला एक जण मेंढी कातरायचा आणि मेंढी पाय झाडायची. दारावर खडूनं लिहिलेलं होतं, 'चालत्या लाकडांचं म्युझियम'.

माळशेजला जाणाऱ्या गाड्या तिथं थांबत. पाहुणे हात मागं बांधून बघू लागले की हा चिडायचा. "पावणं, देवळात आलाय का? फिरवा की!" एकदा एका पोरीच्या हातून उखळातलं मुसळच निखळलं. तिची आई घाबरली. हा खूश! "आसू द्या ताई, मोडलं म्हंजे कुनीतरी मनापासून फिरवलं."

माणसांकडं टक लावून बघायची त्याला खोड होती. बायको ताक घुसळत होती तशी त्यानं केली. वहिनी भडकल्या, "माझं नाक येवढं हाय व्हय?" हा म्हणाला, "एरवी न्हाई. ताक घुसळताना वाढतं." वहिनी दिवसभर त्याच्याशी बोलल्या नाहीत, पण पाहुणे आले की पहिला दांडा त्याच ताकवालीचा फिरवायच्या.

मग माझी पाळी आली. त्याच साली वाडीच्या रस्त्यासाठी माझा बांध मागायला लोक येत होते, आणि जितक्यांदा आले तितक्यांदा मी नाही म्हणालो होतो. अशात कळवाल्यानं निरोप धाडला, "तात्या, बघायला ये, तू झालास." मी गेलो तर गावातली चार टाळकी आधीच जमलेली. फळीवर मी मांडी घालून बसलेलो, खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल फेटा. एकानं दांडा गरागरा फिरवला. माझी मान इकडून तिकडं हलायला लागली. "आलं बघा, तात्या न्हाई म्हनत्यात! बांध देत न्हाईत जा!" सगळे फिदीफिदी हसले.

माझं डोकं फिरलं. "कळवाल्या, गावाला हसायला माझं माकड केलंस?"

तो म्हणाला, "तात्या, तू फिरव. सावकाश फिरव."

"मी हात लावणार नाही. दांडा काढ त्याचा. आत्ता!"

 त्यानं दांडा उपसून खिशात घातला. त्या गोठ्यात गप्प बसलेलं लाकूड तेवढं एकच झालं. मी त्याच्या दारावरून जाणं सोडलं. समोरून आला तर मी खाली बघायचो. त्यानं दोनदा हाक मारली, मी वळलो नाही. तिसऱ्यांदा त्यानं मारली नाही.

गेल्या थंडीत तो गेला. दहाव्याला वहिनी म्हणाल्या, "भावजी, दोन मिंटं आत या." त्यांनी दांडा आणला, माझ्या लाकडात बसवला आणि जात्यागत सावकाश फिरवला. मान एका अंगाला कलली, थोडी थांबली, दुसऱ्या अंगाला गेली. आणि मांडीवरची बोटं वर उठून गुडघ्यावर पडू लागली. ताल धरत होती ती. गरागरा फिरवलं तेव्हा बोटांकडं कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"बिरोबाच्या जत्रंत ढोल लागला व्हता, तवा तुमी आसंच डुलत व्हता," वहिनी म्हणाल्या. "घरी येऊन हे मला म्हनले, तात्या लई ताठ मानूस, पर ढोलापुढं लोन्यागत व्हतो. मला त्यो तसा करायचाय."

 मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी त्यांना बोलू दिलं का?"

वहिनींनी ठोकळ्यांच्या ढिगातून आणखी एक लाकूड काढलं. गळ्यात ढोल अडकवलेला माणूस. तोंड झालेलं, फेटा झालेला, खांद्याला दोन भोकं, हातच नव्हते. तो माझ्यासमोर बसवायचा होता. दांडा काढला त्या दिवसापासून कळवाल्यानं त्याला हत्यार लावलं नव्हतं. सगळ्या गावाची कामं पुरी करणाऱ्या माणसाचं हे एक काम माझ्या तोऱ्यापायी अर्धं राहिलं. त्याच्यापुढं कबूल करायला आता तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या बांधावरच्या शिवणीची फांदी तोडली आणि त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. उभ्या जन्मात मी पटाशी धरली नव्हती. उन्हं अंगणात येईस्तोवर एक हात तासला. हात कसला, आमटीची पळी दिसत होती. वहिनींनी चहा आणून ठेवला, त्या पळीकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. हसल्या की रडल्या, मी वर बघितलं नाही. ती बाजूला टाकली आणि फांदीचा दुसरा तुकडा घेतला.