मामांनी नापास केलेली गावं

जर्मनीतलं कुठलं गाव पाहायला जाऊ नये, हे माझ्या बायकोच्या मामांइतकं ठामपणे सांगणारा माणूस त्या देशात दुसरा नव्हता. खुद्द जर्मनांतही नव्हता. लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी रंगांचे नमुने तपासले आणि त्यांतले बहुतेक नापास केले. शनिवार-रविवारी तोच हात ते जुन्या गावांवर चालवत. मी पुण्याहून फ्रँकफर्टला सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलो तेव्हा माझं लग्न नवं होतं, गाडी जुनी होती आणि सुट्टीत पाहायच्या गावांची एक लांबलचक यादी ऑफिसातल्या मंडळींनी मला दिली होती. ती मी मोठ्या हौसेने मामांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला आणि पेन्सिलीने एकेका नावावर काट मारत म्हणाले, "जावईबापू, इथे लोक गाव बघायला जात नाहीत, एकमेकांचे फोटो काढायला जातात." शेवटी त्या यादीत एका स्वस्त पेट्रोल पंपाचा पत्ता तेवढा उरला.

त्यांची स्वतःची पद्धत अशी होती. रस्त्यांच्या जाड नकाशावहीतून बोट फिरवत नाव अगदी बारीक अक्षरांत छापलेलं एखादं गाव हेरायचं आणि तिथल्या नगरपालिकेला शुद्ध जर्मनमध्ये पत्र टाकायचं, की आपल्या गावात पाहण्यासारखं काय आहे ते कृपया कळवावं. उत्तरादाखल गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तिका आली, की गाव बाद. "एवढं नटून बसलंय म्हणजे काहीतरी झाकतंय," हा त्यांचा निकाल. हाताने लिहिलेलं उत्तर आलं तरच गाव पुढच्या फेरीत जाई. एका गावच्या कारकून बाईंनी लिहिलं होतं, "फारसं काही नाही. जुन्या तटावरून चालायला मात्र बरं वाटतं. छत्री आणावी." हे पत्र मामांनी आम्हाला एका जेवणात तीनदा वाचून दाखवलं. "अहो, वरण निवतंय," मामी म्हणाल्या. "अगं, पण छत्री आणा म्हणतेय ती! कोण कुठली बाई!" मामांनी पत्राची नीट घडी घातली आणि ते खिशात ठेवलं.

गावात पोहोचल्यावर आधी पार्किंग तपासायचं. तिथे पर्यटकांच्या बसगाड्यांसाठी लांब पट्टे आखलेले दिसले, की खाली पायसुद्धा ठेवायचा नाही. एकदा दोन तास गाडी हाकून मी त्यांना एका देखण्या गावी नेलं. लाकडी चौकटींची घरं, ओढ्यावर दगडी पूल, खिडक्याखिडक्यांत लाल फुलं. मामांनी ते पट्टे पाहिले, "वळव" म्हणाले आणि आम्ही थालीपिठं पुढच्या शेताच्या कडेला उभ्याने खाल्ली. मला भयंकर राग आला होता. पण त्याच दुपारी त्यांनी मला जे गाव दाखवलं, तिथे तटाच्या आतल्या बाजूला कुणीतरी कपडे वाळत घातले होते आणि बुरुजाखाली चपला-बूट शिवणारा एक म्हातारा बसला होता. त्याने बुरुजाची भलीमोठी किल्लीच आमच्या हातावर ठेवली आणि पाहून झालं की आणून द्या म्हणाला. शेकडो वर्षांचा बुरूज तासभर आमच्या ताब्यात होता. असली गावं त्या माणसाला कशी सापडत, देव जाणे. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण मामांनी शपथ घातली आहे.

तोवर ही सगळी मौज होती. मग मामांची निवृत्ती जवळ आली. मुलगी लग्न होऊन कॅनडात गेली होती आणि कारखाना सुटल्यावर लुडविग्सहाफेनात राहायचं काही कारण उरणार नव्हतं. मामींना सांगलीला परतायचं होतं. त्यांच्या दोघी बहिणी तिथे एकाच गल्लीत राहत. मामांना मात्र इथेच, तटबंदीच्या एखाद्या लहानशा गावात म्हातारपण काढायचं होतं. भांडणं दोघांच्याही स्वभावात नव्हती, म्हणून त्यांनी करार केला. मे महिन्यात आठवडाभर गाडीने फिरायचं आणि मामांनी निवडलेली सहा गावं पाहायची. त्यांतलं एक जरी मामींच्या मनात भरलं तर तिथे राहायचं, नाहीतर सांगली. गाडी मी चालवायची आणि साक्षीला माझी बायको.

त्या सहा गावांसाठी मामांनी हिवाळाभर जेवढी चौकशी केली, तेवढी लोक मुलीला स्थळ पाहतानाही करत नाहीत. औषधाचं दुकान चौकापासून किती पावलांवर, डॉक्टरांच्या दाराला पायऱ्या किती, चर्चची घंटा पहाटे वाजते का, सारं पत्राने विचारून ठेवलेलं. मामी निमूटपणे गाव पाहत आणि शेवटी एखादंच वाक्य बोलत. पहिल्या गावी म्हणाल्या, "चढ फार आहे." दुसऱ्या गावी म्हणाल्या, "चित्रासारखं आहे हो, पण कोथिंबिरीला कुठे जायचं?" चौथ्या गावी फजितीच झाली. वेशीवर ऊन किती वाजता येतं इथपर्यंत मामांनी सगळं ठरवलं होतं, फक्त वार पाहायचा राहिला. निघाला सोमवार. इथल्या लहान गावांत सोमवार हा रूहेटाग, म्हणजे खानावळ, संग्रहालय, बेकरी, सगळ्यांची सुट्टी. भर दुपारी चौकात चिटपाखरू नव्हतं. "गेनाऊ! अगदी बरोबर!" मामा हात चोळत म्हणाले, "बंद असतानाच गावाचं खरं रूप दिसतं." मामी नगरपालिकेच्या पायरीवर बसून दाण्याचे लाडू वाटत होत्या. "मग म्हातारपणी दर सोमवारी उपास धरायचा का हो?" त्यांनी विचारलं. मामांनी लाडू घेतला.

सहावं गाव बुधवारी आलं आणि ते खरोखर निर्दोष होतं. चढ नाही, चौकात भाजीबाजार, बेकरीवालीने मामींना आपणहून विचारलं की प्रवास कसा झाला. तटाला लागून एका विधवा बाईंचं तळमजल्याचं घर भाड्याने द्यायचं होतं, मागे चेस्टनटच्या झाडाखाली छोटंसं अंगण. मामांनी तेही आधी पत्राने ठरवून ठेवलं होतं. मामी स्वयंपाकघरात गेल्या, ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून पाहिला, खिडकी उघडली, लावली आणि म्हणाल्या, "चालेल." माझ्या बायकोने टाळी वाजवली. मी मामांचं अभिनंदन करायला वळलो, तर ते बाहेर अंगणात जाऊन उभे होते.

मी जवळ गेलो. ते तटाकडे पाहत हळूच म्हणाले, "एकतीस वर्षांपूर्वी लुडविग्सहाफेनचा फ्लॅट दाखवला ना, तेव्हाही तिने असाच नळ सोडून पाहिला होता. असंच चालेल म्हणाली होती. मी तेव्हा खूश झालो, गाढवासारखा." मग ते आत गेले आणि घरमालकीण बाईंना अत्यंत अदबीने नकार दिला. मामी गोंधळल्या. "अहो, का? काय वाईट आहे? चांगलं आहे की."

"नळाला प्रेशर नाही," मामा म्हणाले.

नळाला धो धो पाणी होतं. मी पाहिलं होतं, मामींनी तर स्वतः सोडलं होतं. त्यांनी एकदा नळाकडे पाहिलं, एकदा मामांकडे. मग पदर सावरून म्हणाल्या, "बरं. गाडीत बसण्याआधी जरा त्या बेकरीतून ब्रेड घेऊ या. तुम्हाला आवडतो तो." परतीच्या वाटेवर मी गाडी सावकाश चालवली, कारण मामांना दोन्ही बाजूंचं सगळं पाहता यावं असं मला वाटत होतं. आयुष्यभर नापास करत आलेल्या त्या माणसाने त्याचं सगळ्यात आवडतं गाव खोटं कारण देऊन नापास केलं होतं, आणि माझ्या मनात त्यांच्याबद्दल जी माया दाटून आली ती मला त्या वेळी काही केल्या बोलून दाखवता आली नाही.

त्या हिवाळ्यात ते सांगलीला गेले. रविवारी मी कुठे फिरून आलो की दुपारी फोन करतो. तिकडे तेव्हा संध्याकाळचा चहा चाललेला असतो आणि मामींचा, त्यांच्या बहिणींचा हसण्याचा गलका फोनमधून इकडे ऐकू येतो. मी गाव सांगायला लागतो. वेस कशी होती, तट किती उरलाय, चौकात कोण बसलं होतं. एरवी समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ न देणारा हा माणूस मध्ये एक शब्द बोलत नाही. मग मागून मामींची हाक येते, "अहो, चहा निवतोय, किती वेळ?" आणि मामा फोनवर हात ठेवून त्यांना म्हणतात, "थांब जरा. अजून गावात शिरतोय तो."