दीर्घिका पळत नाहीत

दादा गेल्याचं मला बडनेऱ्याच्या फलाटावर कळलं. अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होते, तेवढ्यात त्याच्या कॉलेजातले सहकारी मला शोधत आले. वर्गात शिकवता शिकवता छातीत कळ आली आणि सगळं संपलं, एवढंच त्यांनी सांगितलं. त्याला महिना होत आला, पण मला अजून एका जागी बसवत नाही. पोळी करपते, शाळेतल्या मुलींचे पेपर तसेच पडून राहतात. हा चळ मूळचा दादाचा. जेवता जेवता उठून दारापर्यंत जाऊन यायचा आणि माय म्हणायची, याच्या पायाले भिंगरी लावूनच म्या याले जन्माले घातलं.

बाबा अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. दादा शिकला, अमरावतीला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला, आमच्या वस्तीतला पहिलाच. धम्मदीक्षेनंतरची ती वर्षं होती, वस्तीत रोज कुठली तरी सभा असायची. अशाच एका सभेत त्याला विश्वावर बोलायला बोलावलं. विश्व प्रसरण पावतंय, म्हणजे काय होतंय? तर कढईत ज्वारीच्या लाह्या फुटून उडतात ना, तसे ताऱ्यांचे अवाढव्य समूह, त्यांना दीर्घिका म्हणतात, एका मध्यापासून चहूकडे पळताहेत... असं त्याने सांगितलं. टाळ्या पडल्या. बाबांना तर त्या दिवशी सदरा तोकडा झाला असेल.

पुढच्याच रविवारी दादा न कळवता घरी आला. चपला काढायचंही भान नव्हतं.

"कमे, म्या लोकायले चुकीचं सांगून आलो."

माय लांब रोट्या करत होती. सैल, चिवट कणीक दोन्ही हातांवर ताणत न्यायची आणि पालथ्या मडक्यावर टाकायची. त्यातला एक गोळा दादाने उचलला, त्यावर जिरे दाबले आणि तो ताणू लागला. "पाह्य, हे जिरे चालून राहिले काय? ते जागच्या जागीच हायेत. कनिक तानून राहिली, म्हनून एकमेकापासून लांब जाऊन राहिले." दीर्घिका अवकाशातून पळत सुटलेल्या नाहीत, मधलं अवकाशच वाढतंय, आणि म्हणून जी जितकी लांब ती तितक्या वेगाने दूर जाताना दिसते. त्यांच्या स्वतःच्या थोड्याफार हालचाली असतात, आपल्या शेजारची एक मोठी दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येते आहे. पण दूरवरच्यांचं ते लांब जाणं कोणी धावतंय म्हणून नाही. आणि कुठल्याही जिऱ्यावर बसून पाहा, बाकीचे आपल्यापासूनच लांब जाताहेत असं वाटणार. मी म्हटलं, पण कणकेला काठ आहे. तो म्हणाला, तिथंच कणीक फसते, विश्वाला काठ आहे असं म्हणायला काही आधार नाही. मायने गोळा त्याच्या हातातून काढून घेतला. जिरे आता तूच वेच, म्हणाली.

त्याला पुन्हा सभा घ्यायची होती, सगळ्यांसमोर चूक सांगायची होती. बाबा बसल्या जागेवरून म्हणाले, "कोनाले समजलं त्यातलं? गप राय. आपल्यातला पयला प्रोफेसर तू. तू 'चुकलो' म्हनाची लोक वाटच पाहून राहिले. म्हनतीन, या लोकायले कुठं येते."

बाबांचं खोटं नव्हतं. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तशी वाट पाहणारे होते, हे दादालाही ठाऊक होतं. तो चूल ते दार अशा येरझाऱ्या घालत राहिला. "बाबा, विश्वाले मध्य नाही. आन म्या आपल्याच लोकायले मध्य दाखवून आलो." ज्यांनी पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर काढल्या, त्या माणसांना आपण हे सांगितलं, हे त्याला सोसत नव्हतं. मला त्या दिवशी दोघांचाही राग आला आणि दोघांचंही पटलं.

सभा झाली. "मागच्या खेपेले म्या चुकीचं सांगतलं," दादाने पहिलंच वाक्य टाकलं. मागे कोणी हसलं, काही जण उठून गेले. राहिले त्यांना त्याने धीराने सगळं सांगितलं. पण बातमी अमरावतीला पोचलीच आणि स्टाफरूममध्ये पाठीमागे त्याचं नाव 'लाह्या सर' पडलं, ते शेवटपर्यंत. त्याला ते लागायचं. चूक दडवणाऱ्यांना नावं पडत नाहीत, याची मला अजून चीड येते. बाबा त्या सभेला गेले नव्हते. बापलेकांत तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

गेल्या आठवड्यात वस्तीतल्या विहारात दादाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भाषणं झाली, आणि कोणी न बोलावता बाबा उठले. सभेत कधी तोंड न उघडलेला माणूस. भिंतीला हात लावून उभे राहिले.

"लोक हासतीन म्हनून म्या त्याचं दुसरं भाषन आयकाले गेलो नाही. घरी कडी लावून बसलो होतो..." बाबांनी समोर बसलेल्यांवरून नजर फिरवली. "म्या चुकलो. आता त्यानं त्या दिवशी काय सांगतलं, ते मले कोनीतरी सांगा."

मी बोलायला उठणार, तोच विहाराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून माणसं एकदमच सांगू लागली.